लाभ मिळालेल्यांची यादी तयार. परत गेलेल्यांची कुठाय?

नाशिक रोड : विभागीय महसूल आयुक्तांचे कार्यालय नाशिक रोडला आहे. नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या पाच जिल्ह्यांचा आणि त्यातल्या ५४ तालुक्यांचा कारभार इथून बघितला जातो. सुरगाण्याहून इथे यायचे तर ८०-९० किलोमीटर, अक्कलकुव्याहून अडीचशेच्या आसपास. तलाठी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी अशा पायऱ्या चढून झाल्या की अपिलाची फाइल काखोटीला मारून माणूस इथवर पोचतो.

मागच्या दहा-पंधरा वर्षांत यातली बरीच कामे मोबाइलवर नाहीतर गावातल्या सेवा केंद्रावर आली. दाखले, सातबारा, अनुदानाचे अर्ज, पिकाची नोंद, सगळेच. हेलपाटे कमी झाले हे खरे. पण जे उरले त्यांचे कारण बदलले. पूर्वी ऐकायला मिळायचे, 'साहेब दौऱ्यावर आहेत.' आता ऐकायला मिळते, 'सर्व्हर डाऊन आहे', 'थम लागत नाही', 'आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नाही'. साहेब जागेवर नसतील तर वरच्या साहेबाकडे तक्रार करता येते. सर्व्हरची तक्रार कुणाकडे करायची, हे केंद्रचालकालाही सांगता येत नाही.

ऑनलाइन कारभाराचा आढावा घेताना किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती खात्यांत पैसे जमा झाले हे आकडे चटकन निघतात. मात्र जो केंद्रावर गेला, ज्याचा अर्ज भरलाच गेला नाही आणि जो तसाच घरी परतला, त्याचा आकडा कुठेच निघत नाही, कारण त्याची नोंदच झालेली नसते. सरकारी कामातल्या तंत्रज्ञानावर गेल्या २५ वर्षांत देशात आणि जगात जो अभ्यास झाला, त्यातल्या चांगल्या अभ्यासांनी नेमकी हीच माणसे शोधून मोजली. त्यांचे निष्कर्ष नाशिकच्या शेतकऱ्याला नवे वाटणार नाहीत. त्याने ते २०२३ च्या कांद्यात अनुभवले आहेत.

रांगडा कांदा आणि सातबाऱ्यावरची नोंद

फेब्रुवारी २०२३ मध्ये लाल कांद्याचे भाव कोसळले. मार्चच्या मध्यावर दिंडोरीहून शेतकरी आणि आदिवासींचा लाँग मार्च मुंबईच्या दिशेने निघाला, त्याच्या मागण्यांत कांदाही होता. सरकारने आधी क्विंटलला ३०० आणि मग ३५० रुपये अनुदान जाहीर केले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात बाजार समितीत विकलेल्या लेट खरीप लाल कांद्याला ते मिळणार होते, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे एका घराचा ७० हजार रुपयांपर्यंतचा प्रश्न होता.

अट अशी होती, की सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत कांद्याची नोंद हवी. अर्ज भरायला लोक बाजार समितीत गेले आणि तिथे गोंधळ समजला. कांदा पिकवला होता, विकला होता, हिशोबपट्टी खिशात होती. पण सातबाऱ्यावर कांदा नव्हता. कुणी मोबाइलवर नोंद केलीच नव्हती. कुणाच्या शिवारात रेंज नव्हती. कुणाच्या सातबाऱ्यावर आधीच्या पिकाचीच नोंद राहिली होती.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती कांदा पिकवणाऱ्याला लगेच कळेल. कसमादे असो की येवला-चांदवड, इथे कांद्याचे हंगाम तीन धरतात : पोळ, रांगडा आणि उन्हाळ. रांगडा म्हणजेच लेट खरीप. त्याची लागवड होते तेव्हा खरिपाची नोंदणी संपत आलेली असते, आणि रब्बीच्या मुदतीत नोंद करायची तर हा रब्बीचा कांदा नव्हे, असे शेतकऱ्याला वाटते. सरकारी नोंद खरीप आणि रब्बी या दोन खणांत चालते, रांगडा दोन्हींच्या मधे पडतो. अनुदान मात्र जाहीर झाले ते नेमके याच कांद्याला. त्यात सातबारा वडिलांच्या नावे आणि विक्रीची पट्टी मुलाच्या नावे, हे तर घरोघरचे चित्र.

आरडाओरड झाली, लोकप्रतिनिधींनी पत्रे दिली, आणि शेवटी अट शिथिल करावी लागली. ज्यांच्या सातबाऱ्यावर नोंद नाही त्यांच्याबाबत तलाठी आणि गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनी पाहणी करून खात्री द्यायची, असे ठरले. म्हणजे ज्या माणसाच्या हातून काम काढून ते ॲपकडे दिले होते, त्याच माणसाकडे परत जावे लागले. वाट निघाली ती कांदा उत्पादक संख्येने जास्त होते आणि त्यांचा आवाज विधानसभेपर्यंत पोचला म्हणून. एखाद्या पाड्यावरच्या चार घरांचे असे झाले असते तर शासन निर्णय बदलला असता का?

जुने दिवस काही सोन्याचे नव्हते

यावरून 'ॲप नको, जुनेच बरे होते' असे कुणी म्हणेल तर तेही खरे नाही. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. यातला बारा नंबर पिकांचा. तलाठ्याने बांधावर जाऊन तो भरायचा, हा नियम. प्रत्यक्षात चावडीत बसून, मागच्या वर्षीचे बघून पीक लिहिले जाते, ही तक्रार गावोगाव वर्षानुवर्षे होती. एका तलाठ्याकडे तीन-तीन, चार-चार गावे असतील तर दुसरे होणार तरी काय? १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात उभे राहून, फोटो काढून स्वतःचे पीक लिहिण्याचा अधिकार दिला. ही गोष्ट लहान नाही.

डिजिटल सहीचा सातबाराही तसाच. १ मे २०१८ पासून तो ऑनलाइन मिळू लागला. त्याआधी एका उताऱ्यासाठी किती दिवस आणि किती चहा लागायचे, हे ज्येष्ठ शेतकऱ्यांना विचारावे. तेव्हा वाद तंत्रज्ञान हवे की नको असा राहिलेला नाही. नोंद आणि वास्तव जुळले नाही तर कुणाचे खरे धरायचे, आणि ते ठरवणारा माणूस गावात आहे का, वाद आता यावर आहे.

अभ्यासक काय सांगतात

इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाचे रिचर्ड हीक्स यांनी २००३ मध्ये विकसनशील देशांतल्या ई-गव्हर्नन्स प्रकल्पांचा ढोबळ हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने ३५ टक्के प्रकल्प पूर्ण फसले, ५० टक्के अर्धवट फसले आणि जेमतेम १५ टक्के यशस्वी झाले. कारण त्यांनी सोप्या शब्दांत दिले : आराखडा करणाऱ्याच्या डोक्यातला कारभार आणि जमिनीवरचा कारभार यांत अंतर असते. अंतर जितके मोठे, फसण्याची शक्यता तितकी जास्त. रांगडा कांदा आणि दोन खणांची नोंद हे त्या अंतराचे आपल्या घरचे उदाहरण.

याच विषयावरचा एक गाजलेला अभ्यास महाराष्ट्रातच झाला. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात वारणा सहकारी समूहाच्या ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावात संगणक केंद्र, तिथे शेतकऱ्याला बाजारभाव, पिकाचा सल्ला, सरकारी माहिती मिळणार, असे चित्र होते. देशभर त्याची वाहवा झाली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी तिथे जाऊन पाहिले. त्यांना दिसले ते असे, की संगणकांचा वापर बहुतेक कारखान्याच्या ऊस व्यवहारापुरता होत होता. किती टन ऊस गेला, तोडणीची पाळी कधी, खत किती उचलले, एवढीच माहिती लोकांना हवी होती. मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवून पाहिला. काम भागले, खर्च वाचला, आणि केंद्र बंद झाल्यावरही माहिती मिळू लागली.

तोयामा यांनी पुढे 'गीक हेरेसी' या २०१५ च्या पुस्तकात आपला अनुभव मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसांमध्ये आणि संस्थांमध्ये जी इच्छा आणि कुवत आधीच आहे, तिला यंत्र बळ देते, जिथे ती नाही तिथे यंत्र ती आणून देत नाही. वारणेला कारखान्याचा हिशेब चोख होता म्हणून एसएमएसही चोख चालला. ज्या कार्यालयात तक्रार ऐकायची सवयच नाही, तिथे तक्रारीचे ॲप आणले तर तेही कुणी ऐकत नाही.

आंध्र आणि झारखंड : यंत्र सारखे, परिणाम वेगळा

सगळ्यात बोलका पुरावा दोन राज्यांचा आहे. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहॉस आणि संदीप सुखटणकर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही ठिकाणी मोठे प्रयोग अभ्यासले.

पहिला त्या वेळच्या आंध्र प्रदेशातला. रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन बोटाच्या ठशावर चालणाऱ्या स्मार्ट कार्डने द्यायचे ठरले. १५७ मंडलांत, सुमारे १ कोटी ९० लाख लोकसंख्येत, कुठे आधी आणि कुठे नंतर हे चिठ्ठ्या टाकून ठरवले, म्हणजे तुलना प्रामाणिक होईल. २०१६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पैसे लवकर मिळू लागले, रांगेतला वेळ कमी झाला, मधली गळती घटली, आणि बहुसंख्य लोकांनी नवी पद्धत बरी म्हटली.

दुसरा झारखंडचा. तिथे रेशनवर आधारचा ठसा सक्तीचा केला. अभ्यास दीड कोटी लाभार्थ्यांचा. निष्कर्ष असा निघाला, की नुसत्या ठशाच्या सक्तीने गळती कमी झाली नाही. सामान्य कार्डधारकाचा त्रास थोडा वाढला. आणि ज्यांचे आधार आधी जोडलेले नव्हते, त्यांना मिळणारे धान्य सरासरी १० टक्क्यांनी घटले. पुढे ठशांच्या आकडेवारीवरून दुकानाला धान्य द्यायला सुरुवात झाली तेव्हा गळती बरीच कमी झाली, पण त्याबरोबर खऱ्या लाभार्थ्यांचे धान्यही घटले.

ठसा दोन्हीकडे होता, मग फरक का पडला? आंध्रात ज्याच्याकडे कार्ड नव्हते त्याला जुन्या पद्धतीने पैसे मिळत राहिले. दोन वर्षांनीसुद्धा तिथे साधारण निम्मेच पैसे नव्या पद्धतीने जात होते, आणि सरकारने त्याची घाई केली नाही. झारखंडात मात्र ठसा नाही तर धान्य नाही. आंध्रात पैसे माणसापर्यंत नीट पोचवणे हे उद्दिष्ट होते, झारखंडात खर्च वाचवणे. यंत्राने ज्याला जे हवे होते ते करून दिले.

राबणाऱ्या माणसाच्या बोटांचे ठसे झिजतात, हे कांदा काढणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, खडी फोडणाऱ्या घरांत सांगायची गरज नाही. वय वाढले की आणखी झिजतात. म्हणून झारखंडचा १० टक्क्यांचा आकडा वाचताना नाशिक विभागातल्या कार्यालयांनी तो लांबचा समजू नये.

टेंभलीपासून लाडक्या बहिणीपर्यंत

आधारची सुरुवातही याच विभागातली. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातील टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. निवड मुद्दाम आदिवासी भागाची होती. ज्यांच्याकडे ओळखीचा कसलाच कागद नाही त्यांना ओळख मिळावी, हा विचार त्यामागे होता. पंधरा वर्षांत हा क्रमांक ओळख 'देण्या'पासून ओळख 'पटवून दाखवण्या'पर्यंत आला. पटवायची जबाबदारी आता नागरिकावर आहे.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी याचे ताजे उदाहरण. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सक्तीची झाली. संकेतस्थळावर महिलेच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी द्यायचा, अशी रचना होती. मग ज्या बाईचा नवरा वारला आणि वडीलही हयात नाहीत, तिने ओटीपी कुणाचा द्यायचा? घटस्फोटितेने कुणाकडे मागायचा? फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ही बाई नव्हती. १५०० रुपयांची खरी निकड मात्र तिलाच. नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली आणि अशा महिलांना मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रे देण्याची सोय झाली. सोय झाली हे बरेच झाले. पण ती पहिल्या दिवशी का नव्हती? एखाद्या गावात दहा महिलांकडून फॉर्म भरून घेऊन पाहिला असता तर ही अडचण तासाभरात कळली असती.

आता पुढचा टप्पा शेतकरी ओळख क्रमांकाचा आहे. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी फार्मर आयडी बंधनकारक झाला. जमीन एकाच्या नावे, सातबारा स्वच्छ, आधार जुळलेले, अशा शेतकऱ्याचे काम त्यामुळे सोपे होईल, त्याला दर योजनेला कागद जोडावे लागणार नाहीत. प्रश्न उरलेल्यांचा आहे. वाट्याने शेती करणारा, वारस नोंद रखडलेली विधवा, सुरगाणा-पेठचा वनपट्टाधारक, सामाईक खात्यातला धाकटा भाऊ. यांची शेती खरी आहे, घाम खरा आहे, फक्त नोंद सरळ नाही.

फोटोचा फोटो

चोरी पकडायला आणलेले ॲप चोरी पकडतेच असेही नाही. रोजगार हमीच्या कामांवर हजेरीसाठी मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढण्याचे ॲप आले. जानेवारी २०२३ पासून ते वैयक्तिक कामे सोडून जवळपास सगळीकडे सक्तीचे झाले. ज्या महाराष्ट्राने रोजगार हमी देशाला दिली, तिथल्या मजुरालाही रेंज मिळेपर्यंत कामावर ताटकळावे लागले. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले, की या ॲपवर कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोवरून काढलेले फोटो टाकले जात आहेत, हजेरी आणि फोटोतली माणसे जुळत नाहीत. उपाय काय सांगितला? ग्रामपंचायत पातळीवर माणसांनी फोटो तपासायचे. म्हणजे लबाडी करणाऱ्याने वाट शोधली, आणि प्रामाणिक मजुराचा दिवस नेटवर्क नसल्याने बुडायचा धोका तसाच राहिला.

कायद्यातली फट

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. कायदा चांगला आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे, अर्जाला पोच आणि क्रमांक मिळाला पाहिजे, नाकारले तर कारण लेखी दिले पाहिजे, त्यावर पहिले आणि दुसरे अपील आहे, पुढे आयोग आहे, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंड आहे.

पण या सगळ्याची सुरुवात अर्जाच्या क्रमांकापासून होते. पोर्टलने अर्जच घेतला नाही, ओटीपी आलाच नाही, नाव जुळले नाही म्हणून पुढचे पान उघडलेच नाही, तर क्रमांक पडत नाही. क्रमांक नाही तर मुदत नाही, मुदत नाही तर अपील नाही. कागदी अर्जाच्या काळात बारनिशीत टपाल दिले की शिक्का मिळायचा. कारकून नाही म्हणाला तरी रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती ठेवता यायची. आज संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरात आलेल्या नकाराची पावती कुणी देत नाही. परत गेलेल्यांचा आकडा सरकारकडे नसण्याचे मूळ कारण हेच आहे.

दोन कर्जमाफ्या

आधी थोड्यांवर करून पाहिले तर काय फरक पडतो, हे महाराष्ट्राने स्वतःच दाखवले आहे. जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या कर्जमाफीत ८९ लाख शेतकरी आणि ३४ हजार २२ कोटी रुपयांचा आकडा सांगितला गेला. शेतकऱ्यांनी नवरा-बायको मिळून केंद्रावर जाऊन भलामोठा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. रात्र-रात्र रांगा लागल्या. दिवाळीत काहींना प्रमाणपत्रे वाटली, आणि नंतर कळले की अर्जांतली आणि बँकांची माहिती जुळत नाही. याद्या मागेपुढे होत महिने गेले.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा फुले कर्जमुक्ती योजना आली तेव्हा अर्जच ठेवला नाही. माहिती बँकांकडून घेतली, यादी गावात लावली, शेतकऱ्याने आधारने खात्री करायची. रक्कम पटली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे दाद मागायची. आणि मुख्य म्हणजे, फेब्रुवारी २०२० मध्ये पहिली यादी लावली ती फक्त ६८ गावांची. तिथे काय अडते ते बघून मग पुढे गेले. त्या योजनेतही तक्रारी राहिल्या. पण २०१७ चा गोंधळ झाला नाही. शेतकरी तेच होते, बँकाही त्याच होत्या. काम करायचा क्रम तेवढा बदलला होता.

नाशिक रोडवरून काय होऊ शकते

यासाठी नवे ॲप नको, फार पैसाही नको. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतू बंधू योजनेत शेतकऱ्यांना चेक वाटले तेव्हा एक साधी गोष्ट केली. काही मंडलांतल्या अधिकाऱ्यांना आधीच कळवले, की तुमच्या भागातल्या काही शेतकऱ्यांना थेट फोन करून चेक मिळाला का, कधी मिळाला, हे विचारले जाणार आहे. वरच्याच तीन अर्थशास्त्रज्ञांनी जेफ्री वीव्हर यांच्यासह त्याचा अभ्यास केला. ज्या भागात फोनची जाणीव दिली होती, तिथे चेकपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण कमी झाले, आणि खर्च पोचलेल्या रकमेच्या मानाने किरकोळ होता. कुणाला निलंबित केले नाही, नोटीस काढली नाही. कुणीतरी विचारणार आहे एवढे कळणेच पुरले.

विभागीय पातळीवर हे सहज करता येईल. ५४ तालुक्यांतून दर महिन्याला काही नावे चिठ्ठीने काढायची. लाभार्थ्यांच्या यादीतली नकोत, मतदार यादीतली किंवा रेशन कार्डांतली, कारण परत गेलेला माणूस लाभार्थ्यांच्या यादीत सापडणार नाही. फोन करून तीनच गोष्टी विचारायच्या : या महिन्यात सरकारी कामासाठी केंद्रावर गेला होतात का, काम झाले का, नसेल तर काय सांगून परत पाठवले?

दुसरे, सेवा केंद्रावर एक वही. अर्ज पुढे गेला नाही तर तारीख, नाव, योजना आणि पडद्यावर आलेले कारण लिहायचे, माणसाला त्याची सही-शिक्क्याची चिठ्ठी द्यायची. ती चिठ्ठी हीच अर्जाची तारीख धरली तर लोकसेवा हक्काची फटही बुजेल.

तिसरे, अभ्यास करणारी माणसे. नाशिकला संशोधक नवे नाहीत. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी मूळचे नाशिककर असलेले एमआयटीचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' झाले. गर्दी, आरोग्य, वाहतूक यांवर तरुणांनी तंत्र बसवून पाहिले. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी पुन्हा कॅमेरे, नियंत्रण कक्ष, कृत्रिम बुद्धिमत्ता यांची चर्चा जोरात आहे. लाखोंची गर्दी नाशिक रोड स्टेशनवर उतरेल तेव्हा त्याचा उपयोगही होईल. पण तीच हुशारी पेठच्या रेशन दुकानात ठसा किती वेळा उमटत नाही हे मोजायलाही लागायला हवी. त्यासाठी चौकट आहे. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने २०१६ मध्ये राज्याने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले, ते अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपापल्या जिल्ह्यातले प्रश्न अभ्यासावेत यासाठीच. नाशिक जिल्ह्यात महाविद्यालयांची कमी नाही, मुक्त विद्यापीठाचे मुख्यालयही इथेच आहे. बाहेरचा अभ्यासक कधी येईल याची वाट बघण्यात अर्थ नाही.

गावांनीही एक करावे. ग्रामसभेत योजनांचे लाभार्थी वाचून दाखवले जातात. त्याच बैठकीत विचारावे, की या गावातले कोण कोण केंद्रावर जाऊन रिकाम्या हाताने आले? नावे ठरावात लिहून घ्यावीत. ठरावाची नक्कल तहसीलला जाते, तिथून पुढे नाशिक रोडलाही पोचवता येते. पुढच्या हंगामात एखाद्या पिकाला अनुदान जाहीर होईल, पुन्हा नोंदीची अट येईल, तेव्हा कुणाकुणाची नोंद राहिली आहे हे अर्जाच्या शेवटच्या दिवशी कळण्याऐवजी दोन महिने आधी कळलेले असेल.